नाटकाची निवड : आधी वाचन, मग मतदान

विश्रांतवाडीसारख्या उपनगरात हौशी नाट्यमंडळ उभे राहिले, की पहिला पेच पडतो तो आगामी हंगामात कोणती नाटके करावीत याचा. ज्येष्ठांना परिचित कौटुंबिक नाटक हवे असते. तरुणांना विचारांना धक्का देणारे. खजिनदाराचे लक्ष पात्रसंख्या, नेपथ्य आणि सभागृहाचे भाडे यांवर खिळलेले असते. अखेर हात वर करून मतदान होते व विषय संपला असे सर्वांना वाटते. वस्तुतः तो तेथूनच सुरू होतो.

पुण्याच्या रंगभूमीने हे एकदा मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठले आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी नाटक थांबवले. ज्यांनी संस्था उभी केली व कलावंत घडवले, त्यांचाच हा निर्णय होता. तरुण मंडळी बाहेर पडली आणि मार्च १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन झाली. पुढे तेच नाटक परदेशापर्यंत पोहोचले.

येथे कोणा एका पक्षाला दोषी ठरविणे सोपे आहे. परंतु त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या भूमिकेविषयी खरी तळमळ होती. प्रश्न उरतो तो वेळेचा. मतभेद तालमीपूर्वी उघड झाला, तर तो चर्चेचा विषय असतो. प्रयोगानंतर झाला, तर तो घर फोडतो.

म्हणून निवडीपूर्वी संपूर्ण संहितेचे जाहीर वाचन व्हावे आणि निर्णय घेणारे सर्वजण त्यास उपस्थित असावेत. ज्याने नाटक ऐकलेच नाही, त्याने पुढे त्यावर आक्षेप घेऊ नये, हा नियम आधीच ठरवावा. आक्षेप व त्यांवरील उत्तरे इतिवृत्तात लिहावीत. लेखकाची परवानगी व मानधन यांचा हिशेबही तेव्हाच मांडावा. भारतीय कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९१६ मध्ये दिवंगत झालेल्या गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ आज त्या बंधनातून मुक्त आहे. लहान मंडळास ही मोठी सोय होय.

शेवटी, हंगामात तीन नाटके असतील, तर एक ज्येष्ठांच्या पसंतीचे, एक मुलांसाठी आणि एक तरुणांच्या जबाबदारीवर सोपवलेले असावे. तिसरे नाटक कदाचित तोट्यात जाईल. परंतु त्या तोट्याची रक्कम ताळेबंदात दिसते. निघून गेलेल्या तरुणांची मात्र कोठेच नोंद होत नाही.