कूलंटची टाकी गळते तेव्हा विज्ञान कुठे असतं?



सुट्टीच्या दिवशी बोरघाटात बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. खोपोली ते लोणावळा या थोड्याशा अंतरात गाडी पाचशे मीटरहून जास्त चढते. त्यात एसी चालू, गाडी भरलेली आणि पुढे कोंडी. इंजिन तापतं, आणि कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीला पडलेली बारीक चीर नेमकी तेव्हाच कळते.

मग आपण काय करतो? वरून एम-सील थापतो, ‘चालतंय की!’ म्हणतो आणि निघतो. मुलं मागच्या सीटवरून हे बघत असतात. माझं स्पष्ट मत आहे, की मुलांसमोर अशा जुगाडाचं कौतुक आपण थांबवावं आणि दुरुस्तीचं कौतुक सुरू करावं. जुगाड फक्त भोक बुजवतो. दुरुस्ती आधी विचारते, ‘हे कशाचं बनलंय? का फुटलं?’

ही टाकी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. बऱ्याच टाक्यांवर ‘पीपी’ अशी अक्षरं उमटवलेलीही असतात. या प्लास्टिकला बहुतेक गोंद आणि इपॉक्सी नीट धरतच नाहीत, म्हणून वरचं ठिगळ काही दिवसांत सुटतं. पण ते थर्मोप्लास्टिक आहे, तापवलं की मऊ होतं आणि गार झालं की पुन्हा घट्ट. म्हणून जाणकार कारागीर टाकी काढून, धुऊन, कोरडी करतो. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडतो. मग चिरेवर खाच करून त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी तापलेल्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने वितळवून तिच्यात भरतो. शेवटी पाणी भरून तपासतो. पुस्तकातली ‘प्लास्टिकचे प्रकार’ ही दोन ओळींची व्याख्या इथे खरी कामाला येते.

आता पुढचा प्रश्न. हा जोड किती टिकेल? टाकी नुसती जादा कूलंट साठवणारी असेल, तर बराच काळ टिकेल. पण झाकण दाबाचं असेल, तर टाकीत कुकरसारखा दाब असतो. वातावरणाइतका जादा दाब मिळाला की पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं. दाब गेला, तर लोणावळ्याच्या उंचीवर ते साधारण ९८ अंशांनाच उकळेल. म्हणून दाबाच्या टाकीचा जोड हा गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरताच. नंतर टाकी बदलायलाच हवी. दुरुस्ती कुठे थांबवायची हे कळणं, हाही शिक्षणाचाच भाग आहे.

दोन गोष्टी मुलांना बजावून सांगाच. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही, वाफेने तोंड-हात भाजतात. आणि कूलंट जमिनीवर सांडू द्यायचं नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर पण विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

‘आमच्या पोराला मेकॅनिक थोडंच व्हायचंय?’ असं काही पालक म्हणतील. नसेल व्हायचं. पण हाताने काम करणाऱ्याच्या डोक्यातही शास्त्र असतं, हे त्याला कळायला नको का? आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो काम करत शिकण्याच्या याच विचारावर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडे शिकायला.

त्यातला एक दिवस या टाकीला द्या. कामशेत, वडगाव किंवा तळेगावच्या एखाद्या मेकॅनिकदादांना मानाने वर्गात बोलवा. येताना एक फुटकी, निकामी टाकी आणायला सांगा. तापवण्याचं काम त्यांनीच करावं, मुलांनी लांबून बघावं आणि प्रश्न विचारावेत. त्या दिवशी फळ्यासमोर गुरुजी ते असतील. आपण मुलांबरोबर बाकावर बसू.