पहिली डोंगरी सायकल

अणदूर येथे हमरस्ता सोडला की काळ्या मातीची गाडीवाट आणि बाभळीचे काटे लागतात. तुळजापूरकडे जावे तर बालाघाटाचे चढ. अशा मुलखात जाड टायरांच्या सायकलीची हौस अनाठायी आहे, असे कोण म्हणेल? प्रश्न आहे तो बेताच्या पगारातून बाजूला काढलेल्या पैशांचा.

दुकानात नजर प्रथम जाते ती स्प्रिंगचा चिमटा आणि डिस्क ब्रेक मिरविणाऱ्या सायकलीकडे. परंतु तेवढ्याच किमतीत हा साज चढवायचा, तर कारखानदार काटकसर कोठे करणार? बेअरिंगमध्ये, स्पोकमध्ये, गिअरमध्येच! हलकी स्प्रिंग वजन वाढविते आणि चढावर पायांची शक्ती खाते. त्यापेक्षा ताठ चिमट्याची, रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची, मागे सहा-सात चकत्यांची सायकल गावचा मिस्त्रीही सावरू शकतो. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुणांनी टॅमालपाइस डोंगरावरून प्रथम पिटाळल्या त्या सायकली तरी कोणत्या? १९३०-४०च्या सुमाराच्या, भंगारात निघालेल्या, बिनस्प्रिंगच्या!

पावसाळ्यात काळी माती चाकाला गच्च धरते; म्हणून टायर व मडगार्ड यांत बोटभर तरी जागा हवी. मुलगा वाढेल म्हणून मोठी सायकल घेण्याची आपली जुनी रीत मात्र येथे सर्वस्वी घातक होय. पंप, जादा ट्यूब, पंक्चरचे सामान आणि हेल्मेट यांचे पैसे आधी वेगळे काढावेत. उरतील त्यांत सायकल पाहावी. जुनी घ्यायची असल्यास सांगाड्याच्या जोडांवर चीर नाही ना आणि चाक डगमगत नाही ना, हे भर उन्हात तपासून घ्यावे.