उकळायचे, पण कोणते पाणी?

'सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, खालील उद्भवांचे पाणी नमुने तपासणीअंती पिण्यास अयोग्य आढळून आले आहेत. तरी पाणी उकळून व गाळून प्यावे.' पावसाळा लागला की अशा धाटणीची जाहीर सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. बारामती असो वा इंदापूर, मजकूर ठरलेला. वाचणारा वाचतो, मान डोलावतो आणि कामाला लागतो.

आमच्या मते यातला 'अयोग्य' हा शब्द फसवा आहे. पाणी दोन अगदी निराळ्या कारणांनी अयोग्य ठरते आणि सूचनेत बहुधा कारण लिहिलेले नसते.

पहिले कारण जंतूंचे. मैला पाण्यात मिसळला की तपासणीत कोलिफॉर्म नावाचे जंतू सापडतात. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचे मूळ तिथेच. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुइलेन-बॅरे आजाराची साथ आली, तेव्हाही काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा एक जंतू आढळला होता. अशा पाण्याला उकळणे हा खरा इलाज. खळखळून उकळी फुटू द्यावी आणि त्याच भांड्यात झाकून गार करावे. गाळायचे ते उकळण्याआधी. सूचनेत 'उकळून व गाळून' असा उलटा क्रम छापतात आणि बिचारी गृहिणी उकळलेले स्वच्छ पाणी ओट्यावरच्या फडक्यातून पुन्हा गाळते!

दुसरे कारण पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे, त्यातही नायट्रेटचे. नत्रखत, गोठा, शौचखड्डा यांतून ते झिरपत विहिरीत, बोअरमध्ये उतरते. आपल्या भागाला क्षार नवे नाहीत. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि १९१० साली नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर डॉ. हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पुढे ऊस वाढला, खतेही वाढली.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. त्याहून जास्त झाले तर मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही. धोका असतो तो सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ व नखे निळसर पडतात. आता हे पाणी उकळले तर काय होईल? पाण्याची वाफ उडून जाते, नायट्रेट भांड्यातच राहते. म्हणजे पाणी आधीपेक्षा वाईट! सूचना शब्दशः पाळणारी आई बाळाची दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवते. दोष तिचा नाही. अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाला सहा महिने वरचे पाणी लागतच नाही. ते नसेल तर दुसऱ्या, तपासलेल्या उद्भवाचेच पाणी घ्यावे. ओठ निळे दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. क्लोरीनच्या गोळ्या किंवा टीसीएल पावडरही फक्त जंतूंवर चालते, नायट्रेटवर नाही. आणि ती पावडर उघड्या पोत्यात पडून राहिली, तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो नि उरतो नुसता चुना. तोच विहिरीत टाकून 'शुद्धीकरण केले' असे कित्येकदा लिहिले जाते.

फलकावर लाल, पिवळे, हिरवे कार्ड असेही शब्द येतात. गावाची पाणीव्यवस्था किती जोखमीची, हे त्या रंगावरून सांगतात. लाल म्हणजे जोखीम मोठी, हिरवे म्हणजे कमी. गळकी नळजोडणी, गटाराशेजारचा व्हॉल्व्ह, उघडी टाकी हे सारे त्यात पाहिले जाते. हिरवे कार्ड मिळाले म्हणून आजचे पाणी चांगलेच, असे मात्र नव्हे.

राज्यकारभार मराठीतून व्हावा म्हणून १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला. सूचना मराठीतच असते, पण तिचा अर्थ घरात पोचत नाही. 'उद्भव' म्हणजे आपली विहीर की शेजारची, हेही कळू नये? प्रयोगशाळेच्या अहवालात कारण लिहिलेले असते. ते फलकावर उतरवायला आणखी एक ओळ पुरे. 'मारुती मंदिरामागच्या विहिरीत जंतू सापडले, पाणी उकळून प्या.' किंवा 'शाळेजवळच्या बोअरमध्ये नायट्रेट जास्त आहे, उकळून उपयोग नाही, लहान बाळांना हे पाणी देऊ नका.' तोवर वाचकांनी ग्रामपंचायतीत जाऊन जलसुरक्षकाला अहवाल दाखवायला सांगावे आणि कोणत्या तपासणीत पाणी नापास झाले, एवढे नेमके विचारावे.