सुडीजवळची शेकोटी

दिवाळीत शहरातल्या माणसाला पणतीची काळजी असते, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सुडीची. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. सोयाबीन कापून शेतात वाळवतात, मग गोळा करून ढीग रचतात. मळणीयंत्राची पाळी येईपर्यंत तो ढीग रानातच उभा. हीच सुडी, कोणी गंजीही म्हणतात. वाशीम जिल्ह्यात मालेगावहून शेलूबाजाराकडे जाताना किन्हीराजा लागते. सोंगणीच्या दिवसांत त्या बाजूला जा, ताडपत्री पांघरून बसलेल्या सुड्या जागोजागी दिसतील.

रात्री सुडीपासून थोडी दूर एक शेकोटी पेटते. तिच्याशी जागलीवाला बसलेला असतो. शेकोटीचेही एक शास्त्र आहे बरे! तुरीच्या तुऱ्हाट्या टाकल्या तर भडका मोठा, पण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच राख. गेल्या हंगामाची पऱ्हाटी जास्त वेळ धग धरते. रात्र काढायची तर बाभळीचा एखादा ओंडकाच हवा. आणि जागा निवडायची ती वारा पाहून: वारा सुडीकडून शेकोटीकडे वाहिला पाहिजे, उलटा नव्हे. पहाटे तो फिरला, की जागलीवाल्याने उठून निखाऱ्यावर माती लोटायची आणि उरलेली थंडी गोधडीत काढायची.

पण त्याला खरी भीती आपल्या शेकोटीची नसतेच. ती असते दुसऱ्याच्या काडीची. बांधाचा तंटा, भाऊबंदकी, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतला राग. कारण कोणतेही असो, सूड उगवायला सुडीसारखी सोपी वस्तू नाही. शेंगा-पाल्यासह वाळलेला माल, त्यात दाण्यात पाचवा हिस्सा तेल. वरून पाणी मारले तर बाहेरची ज्वाला बसते, आत मात्र धुमसत राहते. ढीग ओढून पांगवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात खायला-विकायला काही उरत नाही. दर साल या दिवसांत विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कुठे ना कुठे सुडी जळाल्याची चार ओळींची बातमी असते. घरच्या माणसांचे वर्ष त्या चार ओळींत बसते.

मग विमा आहे ना, असे कोणी म्हणेल. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६च्या खरिपापासून सुरू झाली. काढणीनंतर शेतात पसरलेल्या पिकाला ती तेव्हा अवकाळी पावसापासून चौदा दिवस संरक्षण देत असे. पण त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांत मळणीपूर्वी एका जागी रचून ठेवलेला माल वगळलेला होता, आणि वैरातून केलेले नुकसानही. म्हणजे गावात वैर असते हे सरकारला ठाऊक होते, फक्त त्याचे पैसे द्यायचे नव्हते! पीक पसरलेले असेपर्यंत ते पीक, आणि रचले की शेतकऱ्याचे नशीब, हा हिशेब मला तरी पटत नाही. रचल्याशिवाय मळणी व्हायची कशी?

त्या मानाने फौजदारी कायदा अधिक समंजस. १८६०च्या भारतीय दंड संहितेत, ४३५ व्या कलमात, आग लावून मालमत्तेची नासधूस करणाराला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. इतर मालमत्तेचे नुकसान शंभर रुपयांचे तरी हवे, शेतमालाचे मात्र दहा रुपयांचे पुरे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेतही शेतमालाचा उल्लेख नावानिशी आहे. पण साक्षीदार आणायचा कुठून? मध्यरात्री रानात एक काडी पडते, ती पाहायला कोण असतो!

म्हणून जागल. यंत्र आधी जाते ते मोठ्या वावरात. दोन-तीन एकरवाल्याची पाळी शेवटी, आणि त्याच्या सुडीचे मुक्कामही तेवढे अधिक. ज्याच्याजवळ कमी, त्यालाच जास्त रात्री जागायचे! काहीजण म्हणून एकाऐवजी दोन लहान सुड्या रचतात, मध्ये अंतर सोडून. मेहनत वाढते, पण एक जळाली तर दुसरी राहते.

शेवटी एकदाचे यंत्र शेतात शिरते. तेव्हा पहिले काम शेकोटी विझवण्याचे, कारण कुटार धुळीसारखे उडू लागते. राखेवर दोन बादल्या पाणी, वर चार फावडी माती. पोती भरू लागतात, आणि जागलीवाला त्या घरघरीत, भर उन्हात, पोत्याला टेकून गाढ झोपी जातो.