आम्ही काय, नुसत्या सतरंज्या घातल्या!

वस्तीतल्या कोणत्याही मंडळाचा वार्षिक अहवाल उघडा, त्यात एक वाक्य हमखास सापडते : सर्वांच्या सहकार्याने कार्यक्रम यशस्वी झाला. वाक्य विनयाचे आहे म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही. पण लाऊडस्पीकरच्या परवानगीसाठी पोलीस चौकीच्या तीन खेपा काही 'सर्वांनी' मारलेल्या नसतात. वरची गल्ली आणि खालची गल्ली जयंतीला वेगवेगळ्या मिरवणुका काढायला निघालेली असताना दोन्हीकडे रात्री अकरापर्यंत बसून एकच मिरवणूक 'सर्वांनी' घडवून आणलेली नसते. ते कोणा एकाने किंवा एकीने केलेले असते. त्या व्यक्तीला विचारायला जावे तर उत्तर मिळते, "आम्ही काय, नुसत्या सतरंज्या घातल्या!"

आमच्या परिचयातल्या एका ताईंचीच गोष्ट घ्या. शिक्षण सातवीपर्यंत, चार घरची धुणीभांडी करतात. चौदा बायकांचा बचत गट आणि महिला मंडळ अशी दोन्ही कामे त्यांच्याभोवती फिरतात. गटाला कर्ज देण्यापूर्वी बँकेच्या साहेबांनी विचारले, "गट कोण चालवतं?" ताईंनी शेजारी बसलेल्या बारावी झालेल्या मुलीला पुढे केले. म्हणाल्या, "ही लिहिते सगळं. आपण अडाणी माणूस." आता ही मुलगी इतिवृत्त लिहिते, पासबुक भरते, कर्जखाते नीट ठेवते, हे खरेच आहे आणि ते काम लहानही नाही. पण हप्त्याची तारीख एकवरून बारा कोणी केली? कोणाच्या घरी पगार दहा तारखेला येतो, कोणाच्या घरी मजुरी शनिवारी मिळते, हे ताईंना तोंडपाठ होते म्हणून ती बदलली. एका बाईचा नवरा दवाखान्यात पडला तेव्हा बाकीच्या वसुलीसाठी तिच्या दारात जायला निघाल्या होत्या. ताई आधी जाऊन तिच्याजवळ बसल्या, मग बैठक घेतली आणि गटाच्या संमतीने तीन हप्ते पुढे ढकलले. पुढे त्या बाईने सगळे पैसे फेडले. मुख्य म्हणजे गट फुटला नाही. त्याच ताई आता म्हणतात, शिकलेल्या कोणाला तरी अध्यक्ष करा, माझे नाव काढा.

आम्ही बी.कॉम. शिकलेला कारकून, त्यामुळे अशा वेळी आम्हाला जमाखर्चाची वही आठवते. भागीदारीच्या धंद्यातून एक भागीदार निवृत्त झाला की माल, सामान, बँकेतली शिल्लक यांची किंमत सहज मांडता येते. पण गिऱ्हाईक ज्या विश्वासाने त्या दुकानाची पायरी चढते त्याचे काय? त्याला गुडविल म्हणतात, मराठी क्रमिक पुस्तकात ख्याती. ती कपाटात ठेवता येत नाही, मोजता तर मुळीच येत नाही. तरीसुद्धा तिचे मूल्य रीतसर काढून जाणाऱ्याचा वाटा त्याच्या खात्यावर जमा करतात. माणूस जाताना त्याच्याबरोबर काय जाते, हा प्रश्न व्यापारी विचारतो. आपली मंडळे विचारत नाहीत. ताई गेल्यावर सहा महिन्यांनी गट मोडेल आणि मग सगळे म्हणतील, बायकांत एकी राहिली नाही.

हा संकोच येतो कुठून? आमच्या मते त्याचे मूळ आपल्या आजोबा-पणजोबांच्या कामात आहे. महार वतनात गावाचा सांगावा पोचवणे, सरकारी कामगाराबरोबर धावणे, रात्री-अपरात्री हजर राहणे ही सगळी कामे होती आणि त्याचे मोल काय, तर बलुते आणि तुटपुंजी इनाम जमीन. कामाला अंत नव्हता आणि मोबदल्याला हक्काचे रूप नव्हते. 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले ते याच कारणाने. वतन प्रत्यक्षात गेले 1958 च्या कायद्याने. कायद्याने वतन गेले, पण आपण केलेल्या कामाला किंमत नसते ही सवय मात्र घराघरांत राहिली. तिलाच आपण विनय समजतो. स्त्रियांच्या बाबतीत तर ती दुप्पट.

धम्मात मात्र अशी रीत नव्हती. अंगुत्तर निकायात एतदग्ग नावाचा एक भाग आहे. तिथे भगवंत आपल्या शिष्यांची नावे घेऊन कोण कशात श्रेष्ठ हे सांगतात. सारिपुत्त प्रज्ञेत श्रेष्ठ, हे आपण ऐकलेले असते. पण नाव्ह्याचे काम करणारा उपाली विनयात श्रेष्ठ आहे. राणी सामावतीची दासी खुज्जुत्तरा बहुश्रुत उपासिकांत श्रेष्ठ आहे. आणि आम्हाला सर्वात आवडणारे नाव म्हणजे दब्ब मल्लपुत्त. तो कशात श्रेष्ठ? भिक्खूंची राहण्या-झोपण्याची व्यवस्था लावण्यात! म्हणजे आपल्या भाषेत सतरंज्या घालण्यातच म्हणा ना.

विनयपिटकात त्याची हकिकत आहे. संघाची कोणती सेवा करावी असा विचार त्याने स्वतः केला, शयनासनाची व्यवस्था आणि भोजनाची वाटणी आपण पाहावी असे ठरवले आणि तसे भगवंतांना सांगितले. मग संघाने रीतसर त्याची नेमणूक केली. सुत्ते म्हणणारे भिक्खू एकत्र, विनय जाणणारे एकत्र, ध्यान करणारे एकत्र, अशी जागा तो लावून देई, म्हणजे ज्याचे त्याला सोबती मिळत आणि कोणाचा कोणाला त्रास होत नसे. माणसे ओळखल्याशिवाय हे जमत नाही. पुढे दोन भिक्खूंना एका घरी हलके जेवण मिळाले. दब्बानेच कान भरले असे त्यांनी धरले आणि त्याच्यावर खोटा आळ आणला. मंडळ चालवणाऱ्यांना हा अनुभव नवीन नाही. वर्गणीचा हिशेब चोख ठेवणाऱ्यावरच आधी बोट जाते. भगवंतांनी दब्बाला विचारले तेव्हा तो प्रथम आडवळणाने बोलला. भगवंतांनी त्याला सांगितले की केले असेल तर केले म्हण, नसेल तर नाही म्हण. मग तो सरळ बोलला.

याच्या उलट एक जात आहे. बॅनरवर फोटो मोठा आणि कामाच्या दिवशी फोन बंद. त्यांच्यावर शाई खर्च करावीशी वाटत नाही.

काम करणाऱ्यांनी मात्र एक करावे. आपल्याबरोबर राबलेल्या दोघांना घरी चहाला बोलवावे आणि विचारावे, मी पंधरा दिवस गावाला गेलो तर काय अडेल? जे अडेल ते वहीत लिहावे. त्यातले जे दुसऱ्याला शिकवता येईल ते आजपासून शिकवायला घ्यावे, कारण अडून राहणे हे काही मोठेपणाचे लक्षण नाही. उरलेले तुमचे. पुढच्या वेळी बँकेचा साहेब किंवा नगरसेवक विचारील तेव्हा ते वहीतले सांगावे, त्यापेक्षा एक शब्द जास्त नको आणि कमीही नको.

ताईंना आम्ही हेच सांगितले. त्या हसल्या, वही त्या मुलीकडून लिहून घेते म्हणाल्या. नाव मागे घेतले नाही, पण अजून होही म्हणालेल्या नाहीत.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि बहुतेक विहारांत अहवाल वाचन होते. चिटणीस मंडळींना विनंती की, 'सर्वांच्या सहकार्याने' या वाक्याखाली अर्धे पान मोकळे ठेवावे आणि कोणी काय केले ते नावानिशी लिहावे. आधी महिलांची नावे लिहा, नाहीतर पान पुरत नाही असे म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.