शाळेची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण महाराष्ट्राने चटके सोसून घडवली. कष्टकरी वर्गाने तिच्यात मुकाट्याने आणखी एका पायरीची भर घातली आहे. ती पायरी शाळेची.

कोल्हापुरातील कोणत्याही साध्या शाळेच्या फाटकापाशी पालकसभेच्या दिवशी अर्धा तास उभे राहावे. काही पालक तडक वर्गाकडे जातात, शिक्षकांशी हसून बोलतात, खुर्ची ओढून बसतात. दुसरे काही फाटकाशीच घुटमळतात. शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी करून आलेला एखादा बाप वर्गाच्या दाराबाहेर चपला काढतो. त्याला तसे कोणी सांगितलेले नसते. बाकावर बसावे की उभे राहावे हे न कळून तो भिंतीला टेकतो. 'अभ्यासात लक्ष नाही, घरी जरा बघत जा,' हे दोन मिनिटांत ऐकून घेतो, 'व्हय, व्हय' म्हणतो, दाखवलेल्या जागी सही करतो आणि बाहेर पडतो. मुलाला फळ्यावरचे नीट दिसत नाही, त्याला पुढच्या बाकावर बसवावे, एवढेच सांगायला तो आलेला असतो. तेवढेच सांगायचे राहून जाते. घरी बायकोने विचारले की तो तिच्यावर खेकसतो.

या भिडस्तपणाचा विषय निघाला की सुशिक्षितांच्या बैठकीत दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, हे लोक स्वभावतःच संकोची आहेत. दुसरे, यांना मुलांच्या शिक्षणाची आस्थाच नाही. दोन्ही उत्तरे खोटी आहेत, आणि कोल्हापुरात तर ती विशेष खोटी ठरतात. 2011 पासून पुढे काही वर्षे या शहराने टोलविरुद्ध जो लढा दिला, त्यात प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यामागे रस्त्यावर उतरलेली माणसे कोण होती? संकोची माणसे शहराचा टोल उठवीत नाहीत. मंत्र्यांच्या नावाने भर चौकात शिमगा करणारा हाच माणूस चौथीच्या वर्गशिक्षिकेसमोर शब्द गिळतो. आणि आस्थेचे म्हणावे, तर ज्याला आस्था नाही तो भिईल कशाला? मंत्र्यापाशी त्याचे काही गहाण नसते. शिक्षकाच्या हाती मात्र त्याचे मूल दिवसाचे पाच-सहा तास असते. आपले बोलणे आवडले नाही तर राग पोरावर निघेल, हा हिशेब प्रत्येक गरीब आईबापाच्या मनात असतो. तो हिशेब सर्वस्वी चुकीचा आहे, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

पालक आणि शाळा यांच्या नात्याला कोल्हापुरात मोठा इतिहास आहे. नामदार गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे 1911 चे विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळाने फेटाळले. पण राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या दंडामागे राजाची कळकळ होती, आणि पोराला शेतावर राबवणाऱ्या घराला शाळेकडे वळवण्याचा त्या काळी दुसरा जलद उपायही नव्हता. तथापि त्या कायद्याच्या नजरेत पालक हा चुकणारा, समज देण्याजोगा आणि प्रसंगी शिक्षेस पात्र असा इसम होता, हे नोंदवले पाहिजे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने हे नाते उलटे केले. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे त्याचे कलम 21 सांगते. कलम 24 तर शिक्षकांच्या कर्तव्यांतच पालकांच्या नियमित बैठका घेण्याचा आणि मुलाची हजेरी, आकलन व प्रगती त्यांना सांगण्याचा समावेश करते. म्हणजे शिक्षकाने पालकाला भेट देणे ही मेहेरबानी नव्हे. ते त्याचे काम आहे. कायद्याच्या पुस्तकात पालक आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून समितीच्या खुर्चीवर येऊन बसला. व्यवहारात तो अजून पिंजऱ्यातच उभा आहे.

याचे पहिले कारण अगदी रोकडे आहे. शिक्षण मोफत असते. पालकसभा मोफत नसते. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराची मजुरी कापडाच्या मीटरवर मोजली जाते. माग थांबला की मजुरी थांबली. सकाळी अकराच्या सभेला येणारा कामगार आपल्या खिशातून त्या सभेची किंमत देतो. चार घरची धुणीभांडी करणारी बाई एका घरी खाडा सांगते आणि वर बोलणी खाते. महिन्याच्या पगाराची नोकरी असलेला पालक मात्र तासाभराची सवलत मागून येतो आणि त्याचा एक पैसाही कापला जात नाही. एकच सभा, पण एकाला ती फुकट आणि दुसऱ्याला अर्ध्या दिवसाच्या मजुरीची. मग सभेला आला नाही म्हणून अनास्थेचा शिक्का बसतो तो या दुसऱ्यावर. ऊसतोडणीच्या हंगामात जिल्ह्याबाहेरून येणाऱ्या टोळ्यांचे तर बोलायलाच नको. त्यांचे मूल ज्या शाळेच्या पटावर आहे ती शाळा शेकडो मैल दूर असते, आणि जवळची शाळा त्यांना ओळखत नाही.

दुसरे कारण अनुभवाचे. गरीब पालकाला शाळेकडून निरोप येतो तो एक तर मुलाच्या चुकीबद्दल, नाही तर पैशाबद्दल. 'तुमच्या मुलीने आज फार सुरेख गणित सोडवले, म्हणून बोलावले,' असा निरोप किती घरांत गेला असेल? बोलावणे म्हणजे तक्रार, हे एकदा मनात बसले की मोबाइलवर वर्गशिक्षिकेचे नाव उमटताच छातीत धस्स होते. करोनाच्या साथीत, 2020 आणि 2021 मध्ये, शाळा मोबाइलवर आली आणि पालक-शिक्षकांचे व्हॉट्सअॅप गट झाले. त्यातून हे अंतर मिटेल असे अनेकांना वाटले होते. झाले ते एवढेच, की ज्यांना लिहिता येते ते गटावर लिहितात, आणि बाकीचे नमस्काराचे चिन्ह टाकून मोकळे होतात.

यात भाषेचाही अडसर आहे. शाळेत बोलली जाणारी मराठी ही पुस्तकाची मराठी. करवीर किंवा पन्हाळ्याच्या खेड्यातील आई घरी जी रसरशीत बोली बोलते, ती शिक्षकासमोर तिला स्वतःलाच गावठी वाटू लागते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत हा प्रकार आणखी केविलवाणा होतो. दैनंदिनीत बाईंनी इंग्रजीत लिहिलेल्या दोन ओळी वाचून घेण्यासाठी बाप शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे जातो. आपल्याच पोराबद्दलचा मजकूर परक्याकडून समजून घ्यावा लागणारा माणूस त्या बाईंना भेटायला कोणत्या तोंडाने जाईल? मग तो ठरावीक वाक्याचा आसरा घेतो: 'मारा, झोडा, पण पोराला शहाणं करा.' शारीरिक शिक्षेला कलम 17 ने बंदी आहे, हे त्याला ठाऊक नसते. असले तरी तो हेच म्हणेल. शाळेला देण्याजोगे आपल्याजवळ दुसरे काही नाही असे ज्याला वाटते, तो पोराची पाठ देऊ करतो.

महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत असे सुचवले होते. लोकांत मिसळणारा आणि त्यांच्या गरजा ओळखणारा शिक्षक त्यांना हवा होता. लोकांपासून सोवळ्याने दूर राहणारा नको होता. ही मागणी पुढे बऱ्याच अंशी पुरी झाली. आजच्या जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांत शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले मुबलक आहेत, आणि हे महाराष्ट्राच्या बहुजन चळवळीचे मोठे यश आहे. पण जातीचे अंतर जिथे घटले तिथे पगाराचे अंतर उभे राहिले. वेतन आयोगाचा पगार घेणारा शिक्षक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी घर बांधतो, मोटारसायकलवरून शाळेत येतो, शाळा सुटली की परततो. त्याचे स्वतःचे मूल बहुधा इंग्रजी माध्यमात असते. गावातील पालकांशी त्याची गाठ पारावर पडत नाही, पडते ती फक्त कार्यालयात. फुल्यांना खटकलेले सोवळे गेले. बंगल्याचे कुंपण आले.

असे असले तरी सारा दोष शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राने 2000 साली शिक्षणसेवकाची योजना आणली आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढायला लावली. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतील शिक्षकांनी तर अनुदानाच्या टप्प्यांची वाट पाहत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. निवडणुकीचे काम, जनगणना, माहिती भरण्याचे नित्य नवे फतवे यांत त्याचा दिवस फुटतो. तो केंद्रप्रमुखाला भितो, संस्थाचालकाला भितो, आणि प्रश्न विचारणारा पालक आला तर त्याच्यामागे कोणता पुढारी असेल म्हणून पालकालाही भितो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना भ्यालेली माणसे बसलेली असतात. या दुहेरी भीतीचा लाभ मात्र तिसऱ्यालाच होतो. पालक आणि शिक्षक एकमेकांशी मोकळे बोलू लागले तर इमारत निधीच्या पावत्या, रिकाम्या जागा, बंद पडलेली प्रयोगशाळा हे विषय निघणार, आणि ते निघालेले संस्थाचालकांना परवडणारे नाहीत. खाजगी शाळांत प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास कलम 13 ची मनाई आहे. तरीही 'ओळख करून घेण्यासाठी' म्हणून आईबापांना समोर बसवण्याची हौस काही ठिकाणी सुटलेली नाही. पुढच्या दहा वर्षांचा गप्प बसण्याचा धडा पालकाला तिथेच मिळतो.

या गप्प बसण्याची किंमत केवळ पुढच्या बाकाएवढी नाही. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याचे प्रस्ताव मागवले. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड येथील वाड्यावस्त्यांवर याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. पावसाळ्यात ओढा ओलांडून सहा वर्षांची मुलगी दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार नाही, ती घरी बसेल. अशा वेळी गावाच्या हाती व्यवस्थापन समितीचा ठराव हे एक हत्यार असते. पण ज्या समितीतील सदस्यांची नावे मुख्याध्यापकांनीच घातली, ज्या आयांनी आजवर इतिवृत्ताच्या वहीत दाखवल्या जागी अंगठा किंवा सही करण्यापलीकडे काही केले नाही, त्या समितीपुढे शाळा बंद करण्याचा कागद आला तर तीही दाखवल्या जागी सही करील. वर्गशिक्षिकेला प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली नाही, तो गटशिक्षणाधिकाऱ्याला कुठून विचारणार?

येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांचा थोडा कान उपटणे प्राप्त आहे. पालक अडला की कार्यकर्त्याकडे येतो, आणि कार्यकर्ता काय करतो? मुख्याध्यापकांना फोन लावतो, नाही तर चिठ्ठी लिहून देतो. काम होते. पालक उपकृत होतो, मताची बेगमी होते. पण पुढच्या वेळी त्या पालकाला दोन दारे ओलांडावी लागतात, आधी कार्यकर्त्याचे आणि मग शाळेचे. चिठ्ठीने त्याची भीती गेली नाही, तिला एक मध्यस्थ मिळाला. प्रस्थापित पक्षांचे सारे राजकारण या मध्यस्थीवर उभे आहे. समाजवाद्यांनीही तेच करायचे तर वेगळ्या झेंड्याचे प्रयोजन उरत नाही.

कार्यकर्त्याने पालकासोबत शाळेत जरूर जावे, पण एकट्या पालकाला घेऊन नव्हे. एका वर्गाचे चार-पाच पालक मिळून गेले तर राग काढायला एकच पोर सापडत नाही. काय विचारायचे ते आदल्या रात्री वस्तीत बसून ठरवावे, एखाद्या आईने ते आपल्याच बोलीत दोनदा म्हणून पाहावे, आणि शाळेत गेल्यावर कार्यकर्त्याने तोंड मिटून बसावे. हे शेवटचे काम त्याला सर्वांत जड जाईल. शिक्षक संघटनांतील मित्रांनाही हे आधी सांगून ठेवणे बरे, म्हणजे पालक आले ते भांडायला आले असा समज होणार नाही. व्यवस्थापन समिती नव्याने बनते तेव्हा ती पालकांच्या खुल्या सभेतच निवडली जाते की नाही, हे पाहण्यास प्रत्येक शाखेने दोन माणसे नेमावीत.

आणि सभा संध्याकाळी सातनंतर किंवा कामगारांच्या सुटीच्या दिवशी घ्यावी, शिक्षकांना त्याबद्दल बदली रजा मिळावी, ही मागणी येत्या जूनमध्ये शाळा उघडताच करायची आहे. तो अर्ज पालकांच्या सह्यांनी जावा. पक्षाचे छापील पत्र त्याला जोडू नये.