शलमोनाचे सोने आणि आपले सोपारे

धनत्रयोदशीला सराफाच्या दुकानी पाय ठेवायला जागा नसते. त्याच मुहूर्तावर सोन्याच्या एका हरवलेल्या नगरीची हकीगत सांगतो.

ज्यूंच्या धर्मग्रंथात, म्हणजेच ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारात, ओफीर नावाचे ठिकाण आहे. शलमोन राजाची जहाजे तांबड्या समुद्रातून निघाली आणि तेथून 420 किक्कार सोने घेऊन आली. आजच्या मापाने हे दहा टनांहून अधिक भरते! पण ओफीर कोठे, हे ग्रंथ सांगत नाही. कोणी अरबस्तानाकडे बोट दाखवतात, कोणी आफ्रिकेकडे, तर कोणी थेट आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्याकडे. जुन्या ग्रीक भाषांतरात ओफीरचे ‘सोफीर’ झाले आहे, आणि सोपाऱ्याचे जुने नाव शूर्पारक. झाले, जुळले गोत्र!

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबचा. गावाच्या नावातला ‘अरब’ ऐकला की पाहुणे लगेच जहाजांच्या गोष्टी रचू लागतात. समुद्र तर आमच्यापासून शेकडो मैल दूर. आमचे काका म्हणत, “बाबांनो, नुसत्या नावावरून सोयरीक जुळवू नये.”

सोपाऱ्यालाही तोच न्याय लावू या. तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा 1882 साली मिळाला, नवव्याचा जवळच भुईगावला 1956 साली. अशोक इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. शलमोन दहाव्या शतकातला. मधली सातशे वर्षे नावाच्या साम्यावर कशी ओलांडणार?

मग सोपारे लहान ठरते का? मुळीच नाही. हे मोठे बंदर ग्रीक खलाशांना ठाऊक होते. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि जहाजे दुसरीकडे वळली. 1882 मध्येच पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथला स्तूप उकरला. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याची, तिच्या पोटात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची डबी. सोन्याच्या डबीत काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले.

मुलांना घेऊन लोकलने एकदा नालासोपाऱ्याला उतरा. स्तूप दाखवा, आणि ही डबीची गोष्ट तेथेच सांगा. शलमोनाचे सोने मात्र तूर्त त्याच्याच खजिन्यात राहू द्या.